वाढीची आठ बोटं

हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्रीकाका, आयुष्यभराच्या अनुभवाचं सार लिहा." सायकल मिस्त्रीच्या अनुभवाचं सार म्हणजे नखांत राहिलेलं ग्रीस. काम सोडून चार वर्षं झाली तरी ते निघालेलं नाही, आणि लिहून निघेल असंही वाटत नाही. त्यातून माझं शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचं, आणि मराठी घरची, परभणीकडच्या शेतातली. जामबागेतलं माझं दुकान आता नाही. मुलगा दिलसुखनगरला स्कूटर दुरुस्त करतो. नातवाला हा मजकूर वाचून दाखव म्हटलं तर तो प्रत्येक जोडाक्षरापाशी ब्रेक लावतो. तेव्हा काही चुकलंमाकलं तर निम्मा दोष त्याचा धरावा.

मी सायकली पुष्कळ दुरुस्त केल्या, पण माझं नाव झालं ते लहान मुलांच्या सायकली बांधण्यात. माझ्या उमेदीच्या काळात हैदराबादेत लहान मुलाची सायकल नावाची वस्तू सहसा मिळत नसे. विलायतेहून एखादी आली तर ती नवाबाच्या ड्योढीत, म्हणजे वाड्यात, जायची. बाकीच्यांच्या मुलांनी मोठ्यांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून वाकडंतिकडं चालवायचं, आणि मुलींनी नुसतं बघायचं. म्हणून आम्ही मोठी सायकल कापून लहान करत असू.

ऐकायला हे धोतर फाडून पंचा करण्याइतकं सोपं वाटतं. पण पंचा फाटला तर माणूस फार तर लाजतो, सायकल तुटली तर दात पडतात. नळी कापायची, कापलेल्या तोंडांत आतून दुसरी नळी ठोकून बसवायची, वरून पितळेची झाळ द्यायची. रिम कापून लहान गोल करायचा, प्रत्येक तार छाटून तिला नवे आटे पाडायचे. मग चाक फिरवून ते कुठे डुलतं ते बघत एकेक तार आवळत राहायचं. याला आम्ही आऊट काढणं म्हणतो. चाकाचा आऊट निघतो. गिऱ्हाइकाचा काढता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हे काम दुकानात होत नसे. मूल पुन्हा पुन्हा बसवून बघावं लागतं आणि त्या काळी हुद्देदारांच्या घरची मुलं, विशेषतः मुली, मिस्त्रीच्या दुकानात येत नसत. म्हणून पितळेची झाळ तेवढी दुकानातल्या भट्टीवर द्यायची आणि बाकी पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या मागच्या अंगणात बसायचं. तिथे सल्लागार फार. एका ड्योढीवाल्यांनी मुलाच्या सायकलला मोटारीचा भोंगा लावायला लावला. तो वाजवला की हँडल भोंग्याच्या बाजूला फिरे आणि मूल गुलाबाच्या ताटव्यात. बेगम बाजारातल्या एका शेटजींनी सहा वर्षांच्या मुलासाठी असं कॅरिअर मागितलं की त्यावर साखरेचं अर्धं पोतं मावावं. मी विचारलं, "हा पोतं ओढणार?" ते म्हणाले, "आज नाही. पण आदत पडली पाहिजे."

मला हे काम शिकवलं जलाल उस्तादांनी. मी बारा वर्षांचा असताना त्यांच्याकडे लागलो, आणि पुढे त्यांची नजर अधू झाल्यावर दुकान मीच बघू लागलो. ते खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून चेन किती सैल आहे ते सांगत. मी एक नियम मात्र स्वतःचा केला होता. अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जाणार नाही. शेवटचा हात रंगाचा, तो वाळल्याशिवाय मिस्त्रीने गाडी सोडू नये. उस्ताद हसत. म्हणत, "सैकल क्या दुल्हन है रे, मेहंदी सूखे तक बिठा के रखरा?" पण मला त्या नियमाचा गर्व होता. आता ज्या सायकलची गोष्ट सांगणार आहे तिथे माझा हा गर्व एका मुलीला नडला.

सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं आणि आमचं संस्थान 'बघू' म्हणत बसलं होतं. बाहेरून माल येणं जवळपास बंद झालं होतं. पेट्रोल नाही, टायर नाही. ज्यांच्याकडे मोटारी होत्या ते मोटारीला विटांवर चढवून स्वतः सायकलवर आले होते, आणि आम्हा मिस्त्र्यांना पहिल्यांदाच लोक 'जनाब' म्हणू लागले होते.

त्यात काचीगुड्याहून रावसाहेबांचं बोलावणं आलं. रावसाहेब म्हणजे सरकारी कचेरीतले मददगार, आजच्या भाषेत असिस्टंट. खातं सांगत नाही, त्यांची नातवंडं हा अंक वाचतात. घराणं चार पिढ्या सरकारी नोकरीतलं. फारसी म्हणी तोंडावर, शेरवानीची सगळी बटणं लावलेली. त्यांची मोटारही विटांवर होती आणि त्यामुळे त्यांची एकुलती मुलगी कुमुद घरी बसली होती. वय दहा. शाळा आमच्या जामबागेत. टांगेवाले चारा महाग म्हणून लांब यायला तयार नाहीत. चपराशाच्या सायकलवर मागे बसायला मददगारांची मुलगी म्हणजे काय भाजीची पिशवी आहे? आणि पायी तर चपराशाची मुलगी जाते.

"तेव्हा तिची स्वतःची सवारी पाहिजे," रावसाहेब म्हणाले. "चपराशी बाजूने दुसऱ्या सायकलवर जाईल. सायकल झाली तर शाळा, नाही तर बस झालं शिक्षण. घरी रामरक्षा म्हणेल."

कुमुद खांबाआडून ऐकत होती. नंतर तिने मला हळूच सांगितलं, "मिस्त्रीकाका, मोठ्या बाईंनी चिठ्ठी पाठवलीय. दसऱ्याच्या सुट्टीआधी हजर झाले नाही तर माझं नाव काढणार. दुसरी मुलगी वाट बघतीय." दसऱ्याला पाच महिने होते. मी छाती फुगवून म्हटलं, "पाच महिन्यांत मी तुला आगगाडी बांधून देईन."

सायकल बांधायची तर माप लागतं. कमरेपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत. मुलगी असल्यामुळे मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि बाईसाहेब, म्हणजे कुमुदच्या आई, सुतळीने माप घेऊन गाठ मारून द्यायच्या. आता आपल्या मराठी घरात मुलांचं काहीही शिवायचं तर वाढत्या अंगाचं. झगा असा की यंदा पायघोळ, पुढच्या वर्षी बरोबर, त्याच्या पुढच्या वर्षी धाकटीला. बाईसाहेबांनी सवयीने गाठ मारताना तीन बोटं वाढीची सोडली आणि मला सांगितलं नाही. कचेरीतून आल्यावर रावसाहेबांनी सुतळी बघितली आणि मला बजावलं, "तीन बोटं वाढवा. मॅट्रिकपर्यंत टिकली पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, सायकल म्हणजे कोट नाही." ते म्हणाले, "म्हणूनच. कोट उसवता येतो." मी सुतळी खिशात घातली. आणि दुकानात येऊन नळीवर खूण करताना माझ्या हाताने आपण होऊन दोन बोटं आणखी सोडली, कारण मीही मराठी आईनेच वाढवलेला.

एका मिशनरी बाईंची मोडकी लेडीज सायकल मिळाली. जूनच्या अखेरीस सांगाडा उभा राहिला, चाकं लागली, चेन चढली. मागचं चाक उचलून धरणारा लोखंडी स्टँड लावला आणि कुमुदला वर बसवलं. पाय पायडलपासून चांगले वीतभर वर. सीट तळाला नेली, पायडलवर लाकडी गट्टे ठोकले, तेव्हा कुठे पाय पोचले. अंग वाढेल तसे गट्टे पातळ करता येतील म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. कुमुदने स्टँडवरच्या स्टँडवर पायडल मारलं, मागचं चाक गरगर फिरलं, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं त्यासाठी मी आणखी दहा सायकली कापल्या असत्या.

आता फक्त रंग राहिला होता.

"पिवळा," रावसाहेब म्हणाले. सरकारचा झेंडा पिवळा, तेव्हा मददगारांच्या मुलीची सायकल पिवळी. कुणाच्या मनात शंका नको. मी कानशीने जुना रंग खरवडला, लाल अस्तर दिलं, त्यावर पिवळ्याचे दोन हात. पावसाळी हवा, एकेक हात वाळायला चार चार दिवस. तो वाळतोय तोवर बाईसाहेबांचे भाऊ सोलापुराहून आडवाटेने आले. खादीचा सदरा पिशवीत लपवून आणलेला. त्यांनी सायकल बघितली आणि म्हणाले, "भावजी, उद्या हिंदी फौज आली तर ही हळद कुठे लपवाल?"

रावसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "मिस्त्री, मामला नाजूक आहे. रंग असा द्या की कुणाचा ऐतराज नको." म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवून सायकल चालवायची. मी विचारलं, "हिरवा?" ते दचकले. हिरवा दिला तर मेहुणा काय म्हणेल. "भगवा?" तर नोकरी जाईल. "काळा? सगळ्या सायकली काळ्याच असतात." तर पोरीच्या पहिल्या वाहनाला काळं लावतात का, आणि निषेधाचे झेंडेही काळेच असतात. "पांढरा?" यावर ते विचार करून म्हणाले, "पांढरा म्हणजे शरण गेल्यासारखं. अजून वेळ आहे." सगळे रंग कुणी ना कुणी आधीच घेऊन ठेवले होते. माझ्या पेटीत जे सहा डबे होते त्यांतला एकही निष्पाप नव्हता.

शेवटी आकाशी ठरला. आकाश सगळ्यांचं. पण आकाशी द्यायचा तर आधी पिवळा खरवडायला हवा. तो खरवडून मी नवं लाल अस्तर देऊन सायकल अंगणात वाळत ठेवली. शेजारचे वकील कुंपणावरून डोकावले आणि म्हणाले, "वा रावसाहेब, तेलंगणातल्या कॉम्रेडांना मिळालात काय?" गंमतीनेच म्हणाले. पण रावसाहेबांनी ती सायकल स्वतः उचलून न्हाणीघरात नेली, वर ओलं लुगडं टाकलं आणि आठ दिवस कुणाला तिथे अंघोळ करू दिली नाही. मी परोपरीने सांगितलं की साहेब, जगातल्या प्रत्येक सायकलला आतून लाल अस्तर असतं, अगदी फौजदाराच्या सुद्धा. ते म्हणाले, "फौजदाराचं आतून असतं. आपलं बाहेरून दिसतंय." मग आकाशी लागला. मग कुणीतरी सांगितलं की फलाण्या पुढाऱ्याची मोटार आकाशी आहे. तो खरवडून तपकिरी लागला.

यातला विनोद मला आता दिसतो. तेव्हा दिसत होता तो माझा मान. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर खेपेला मी चहा पीत होतो आणि खरवडत होतो. सायकल जूनमध्येच चालत होती. एक शब्द बोललो असतो, 'साहेब, पोरगी शाळेत जाऊ द्या, रंग नंतर देऊ,' तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. मी बोललो नाही. माझ्या हातून बिनरंगाची गाडी कधी रस्त्यावर गेली नव्हती ना.

आणि कुमुद काय करत होती? ती रोज दुपारी स्टँडवरच्या सायकलवर बसून शाळेला जात होती. मी तिला ढोबळ हिशोब सांगितला होता, चाकाच्या हजार फेऱ्या म्हणजे एक मैल. तिने तारेला एक चिंधी बांधली आणि फेऱ्या मोजायला लागली. पाढे म्हणत, भूगोल म्हणत, जागच्या जागी. पहिल्या आठवड्यात ती काचीगुड्याहून जामबागेला सात वेळा जाऊन आली. मग तिला कंटाळा आला आणि ती पुढे निघाली.

"काका, आज जहिराबाद गेलं."

"काका, आज हुमनाबादेत मुक्काम."

ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी रावसाहेब कचेरीतून येत होते आणि ती अंगणातून ओरडली, "बाबा, मी सोलापूरला पोचले." सोलापूर म्हणजे हद्दीपलीकडे. तिथे संस्थानच्या विरोधकांचे तळ आहेत असं जो तो कुजबुजत होता. रावसाहेब दारातच थिजले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "हळू बोल. आणि ताबडतोब परत ये." कुमुदने नाइलाजाने पायडल उलटं फिरवायला घेतलं.

सप्टेंबरात फौज खरंच आली. पाच दिवस शहराने दारं लावून घेतली आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. त्या दिवसांत आणि त्याच्यामागून कुठे कुठे काय झालं ते लिहिणारी माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. मी मला लागलेलं एकच सांगतो. जलाल उस्ताद दुकानात आले नाहीत म्हणून आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. कडी वाजवली. दार लगेच उघडलं नाही. आधी फटीतून एक डोळा मला बघत राहिला. पंधरा वर्षं त्या घरात मी न विचारता पाणी प्यायलो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांनाही वाटलं असावं, कारण दार उघडल्यावर ते पहिलं वाक्य दुसरंच काही बोलले.

"वो काचीगुडे की बच्ची कू सैकल दिया क्या?"

"नाही उस्ताद. रंग राहिला आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे गणपत, हुकूमत बदल गई, तेरा रंग नै सूखा? सैकल बच्ची कू चलाने की है. रंग तो बड़े लोगां कू होना."

मी तिथून निघालो तो थेट काचीगुड्याला. रावसाहेब वऱ्हांड्यात येरझारा घालत होते. शेरवानी दिसली नाही. अंगात खादीचा सदरा होता, घडीच्या खुणा तशाच असलेला. मेहुण्याच्या पिशवीतलाच असावा, कारण बाह्या अपुऱ्या होत्या.

"मिस्त्री, बरं झालं आलात. तपकिरी काढून टाका. तीन रंग द्या. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा. घंटीवर चक्र. दसऱ्याला मिरवणूक आहे, आपली कुमुद पुढे पाहिजे."

"साहेब, सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस परवा आहे."

"एवढ्या वर्षांचं राज्य बदललं, शाळा चार दिवस थांबेल."

मी बेगम बाजारात गेलो. एकाही दुकानात केशरी, पांढरा किंवा हिरवा रंग शिल्लक नव्हता. अर्ध्या हैदराबादला त्याच आठवड्यात तेच तीन रंग हवे होते. पिवळ्याचे डबे मात्र बाहेर फुटपाथवर रचलेले, आणि शेटजी येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होते, "ले जाओ, पीला ले जाओ, गाय के सींगां कू लगाने काम आता."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या हाताने काचीगुड्याला गेलो. आदल्या दिवशीच तपकिरी खरवडून सायकलला ताजं लाल अस्तर दिलं होतं. रावसाहेब नव्या साहेबांपुढे हजर व्हायला गेले होते, चपराशीही त्यांच्याबरोबर. अंगणात कुमुद शाळेचा परकर-पोलका घालून, दप्तर पाठीला बांधून सायकलपाशी उभी होती. बाईसाहेबही पायरीवर उभ्या होत्या. चार महिन्यांत त्या माझ्याशी मापाच्या गाठींपलीकडे काही बोलल्या नव्हत्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "दहाच्या आत हजेरी आहे. हिला घेऊन जा."

"बाईसाहेब, पण रंग..."

"तीन महिने मी रंगच बघतेय. शेरवानीचाही आणि सदऱ्याचाही."

मी तरीही घुटमळलो. खोटं कशाला सांगू, मला रावसाहेबांची भीती नव्हती. ती लाल, खरखरीत, उघडीवाघडी सायकल घेऊन मी जामबागेतून, माझ्या स्वतःच्या दुकानावरून जाणार, बाकीचे मिस्त्री बघणार, याची लाज वाटत होती. कुमुदला ते कळलं असावं. ती म्हणाली, "काका, मला रंगावर नाही बसायचं. सीटवर बसायचंय."

मी स्टँड काढला.

काचीगुड्यापासून बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी, जामबाग. कुमुद वर आणि मी सीटची मागची कड धरून बाजूने धावतोय. सोलापूरपर्यंत जाऊन आलेले पाय, त्यांत ताकद अशी की मला धाप लागली. तोल मात्र पहिल्या चौकापर्यंत माझ्या हातात होता. सुलतान बाजारापुढे तो थोडा थोडा तिचा झाला. कोठीच्या नाक्यावर एक फौजी उभा होता. त्याने लाल सायकल बघितली, मागे धावणारा घामाघूम मिस्त्री बघितला, आणि बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेऊन वाट दिली. झेंड्याबिंड्याचा संबंध त्याच्या डोक्यातही आला नसावा. तीन महिने आम्ही ज्याला भ्यालो होतो तो माणूस जन्माला आलेलाच नव्हता.

शाळेच्या फाटकात आया उभी. तिने माझ्यापुढे काठी आडवी धरली. "मर्दां कू अंदर मना है." माझा हात सुटला आणि कुमुद आत गेली.

एकटी गेली, सरळ गेली. मैदानाच्या मधोमध कडुलिंब होता, त्याला वळसा घालून आली. मी फाटकाच्या गजांना धरून बघत होतो. तिने दुसरा वळसा घातला. मग तिसरा. तिसऱ्या वळशाला तिचं तोंड माझ्याकडे झालं तेव्हा ते हसरं नव्हतं.

"काका, उतरायचं कसं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तीन बोटं आईची, तीन बापाची, दोन माझी. गट्टे ठोकल्यामुळे पाय पायडलला पोचत होते. जमिनीला पोचत नव्हते. स्टँडवर जमिनीची गरजच कधी पडली नव्हती. ब्रेक दाबला की सायकल थांबणार आणि आठ बोटं उंचीवरून पोरगी दप्तरासकट आडवी होणार. मी आयाला हात जोडले. ती म्हणाली, "हुकूम नै." राज्य बदललं होतं, आयाचा हुकूम जुनाच होता.

इतक्यात घंटा झाली. मुली वऱ्हांड्यात रांगेत उभ्या राहिल्या आणि मोठ्या बाईंनी हजेरी सुरू केली. एकेक नाव, एकेक 'हजर'. कुमुद कडुलिंबाभोवती फिरतेच आहे. तिचं नाव आलं तेव्हा ती नेमकी झाडामागे होती. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, लेखणी उचलली. मी फाटकातून ओरडणार तेवढ्यात ती झाडाआडून बाहेर आली.

"हजर, बाई."

"मग उतरून रांगेत ये."

"उतरता येत नाही, बाई. चालवता येतं."

बाईंनी एक पूर्ण वळसा तिच्याकडे बघून घेतलं. मग वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. हजेरी संपल्यावर चार दांडग्या मुलींनी चारही बाजूंनी सायकल पकडली आणि कुमुदला आंबा उतरवावा तसं खाली घेतलं.

रावसाहेबांना संध्याकाळी कळलं. ते लाल रंगावरून संतापणार होते, पण तोवर कचेरीत कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की रावसाहेब, तुमची मुलगी सायकलवर शाळेत गेली म्हणे, हे खरं नवं राज्य. तेव्हा आठ दिवसांत ते जिथे तिथे सांगू लागले की मुलीला सायकलवर पाठवायचं त्यांनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं. एका अर्थी ते खरंही होतं. दसऱ्याला मी तीन रंग दिले, सुंदर दिले. गट्टे काढून सीटची नळी कापली, आणि आठातली पाच बोटं परत घेतली. पण एक गोष्ट परत घेता आली नाही. जून ते दसरा बुडालेला अभ्यास कुमुदला भरून काढता आला नाही आणि त्या वर्षी ती गणितात नापास झाली. लोक म्हणाले, धामधुमीचं वर्ष, चालायचंच. मला माहीत होतं, तिचं ते वर्ष धामधुमीत गेलं नाही. माझ्या रंगाच्या डब्यात गेलं. त्यानंतर मी कित्येक सायकली बिनरंगाच्या दिल्या. लोक मला आळशी म्हणाले, ते मी चालवून घेतलं.

गेल्या वर्षी एक बाई घरी आल्या. केस पिकलेले, बरोबर सहा वर्षांची नात आणि रिक्षात एक गंजकी सायकल. मी चष्मा शोधेपर्यंत त्या म्हणाल्या, "काका, सोलापूरहून परत आले."

सायकल मी अंगणात घेतली. कानस धरली आणि जिथे नळी पोपडली होती तिथे बोटभर खरवडलं. आधी मरून रंग निघाला, तो कुमुदच्या लग्नाआधीचा. त्याखाली केशरी, आणि केशरीखाली लाल अस्तर. त्याखालचं सगळं मीच एकेकाळी खरवडून टाकलेलं, पण झाळीच्या खाचेत कानस पोचत नाही, तिथे तपकिरीची, आकाशीची आणि अगदी तळाला पिवळ्याची रेघ अजून होती. ती खाच मी कुमुदला दाखवली. मला तिची माफी मागायची होती. बेचाळीस वर्षं मागायची होती. ती मागितली. तिने माझा हात धरला, ग्रीसच्या नखांसकट.

मग मी मिस्त्री झालो. पेटी ओढली, सुतळी काढली, नातीला उभं केलं आणि विचारलं, "हिला रंग कोणता देऊ?"

कुमुदने माझ्या हातातून सुतळी घेतली, नातीच्या कमरेपासून टाचेपर्यंत धरली आणि जिथे टाच संपली तिथेच गाठ मारली. एक बोटही सोडलं नाही.

"रंगाचं नंतर बघू, काका," ती म्हणाली. "आधी हिला उतरायला शिकवा."